टेबलावरची गोष्ट आणि छापील कादंबरी: रोलप्लेइंग गेममधून आलेल्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा इतिहास

प्रस्तावना

कादंबरीचा इतिहास शिकताना आपण सहसा एक गोष्ट गृहीत धरतो. कादंबरी एकट्या लेखकाच्या मनात जन्मते, तो ती एकांतात लिहितो आणि मुखपृष्ठावर त्याचेच नाव छापले जाते. लोकगीत किंवा लोकनाट्य अनेकांच्या हातून घडते हे आपल्याला मान्य असते. कादंबरीचा मात्र आपण त्या अंगाने फारसा विचार करत नाही. १९७० च्या दशकानंतर अमेरिका, कॅनडा आणि जपानमध्ये कादंबऱ्यांचा असा एक गट तयार झाला, की ज्याला हे गृहीतक नीट लागू पडत नाही. त्यातल्या कथा आधी मित्रमंडळींनी टेबलाभोवती बसून, फासे टाकत खेळल्या आणि नंतर त्यांतल्या एखाददुसऱ्याने त्या लिहून काढल्या.

या पाठात आपण तीन प्रश्नांचा विचार करणार आहोत. हा खेळ कुठून आला? खेळलेल्या गोष्टीची कादंबरी होताना काय बदलते? आणि अनेकांनी मिळून रचलेल्या गोष्टीचा कर्ता कोणाला म्हणायचे? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण त्याच्याशी श्रेय, पैसा आणि जबाबदारी या तिन्ही गोष्टी जोडलेल्या आहेत.

१. हा खेळ कसा असतो?

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडे स्पष्टीकरण. समजा, तुम्ही पाच जण वसतिगृहाच्या खोलीत बसला आहात. एकीने चोराची भूमिका घेतली आहे, एकाने मांत्रिकाची, बाकीच्यांनी योद्ध्यांची. पाचवा खेळाडू कोणतीही एक भूमिका घेत नाही. तो बाकीचे सारे जग सांभाळतो. त्याला डंजन मास्टर किंवा गेम मास्टर म्हणतात. आपण त्याला खेळप्रमुख म्हणू. तो सांगतो, "समोर लाकडी पूल आहे, पलीकडे पहारेकरी उभा आहे. काय करता?" चोर म्हणते, "मी पुलाखालून लटकत जाते." ते जमले की नाही हे फासा ठरवतो. फासा वाईट पडला तर चोर नदीत पडते आणि पुढची गोष्ट तिथून सुरू होते.

अशी एक बैठक काही तास चालते. त्याच पात्रांनिशी महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे चालणाऱ्या बैठकांच्या मालिकेला कॅम्पेन, म्हणजे मोहीम, म्हणतात. या खेळाची तीन वैशिष्ट्ये लक्षात ठेवा. शेवट आधी ठरलेला नसतो. नायक एकच नसतो, प्रत्येक खेळाडूचे पात्र त्याच्यापुरते नायकच असते. आणि महत्त्वाच्या क्षणी निर्णय योगायोगाच्या हाती जातो. कादंबरीच्या दृष्टीने ही तिन्ही वैशिष्ट्ये अडचणीची आहेत. ती अडचण लेखकांनी कशी सोडवली, हे आपण पुढे पाहू.

२. पूर्वपीठिका: प्रशियापासून विस्कॉन्सिनपर्यंत

या खेळाचे मूळ लष्करी युद्धखेळांत आहे. प्रशियात राइसविट्झ पितापुत्रांनी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी नकाशा, ठोकळे आणि फासे वापरून लढाईचा खेळ तयार केला. मुलाने त्याचे नियम १८२४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात दोन बाजूंखेरीज एक पंच असे आणि काय घडले हे तो सांगे. आजच्या खेळप्रमुखाचा पूर्वज म्हणून या पंचाकडे पाहता येते. पुढे हा प्रकार छंद म्हणून नागरी जीवनात आला. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये खेळण्यातल्या सैनिकांच्या लढायांवर 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिले.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील मिनियापोलिस–सेंट पॉल परिसरात डेव्हिड वेसली यांनी एक वेगळा प्रयोग केला. त्यांनी खेळाडूंना सैन्ये देण्याऐवजी एका काल्पनिक जर्मन गावातील एकेक व्यक्ती दिली. त्याच मंडळातील डेव्ह आर्नेसन यांनी ही कल्पना पुढे नेऊन 'ब्लॅकमूर' नावाचे जादू आणि राक्षसांचे जग उभे केले. तेच पात्र पुढच्या बैठकीतही चालू ठेवायचे आणि अनुभवाने ते वाढत जायचे, ही पद्धत तिथे रुळली. विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा गावचे गॅरी गायगॅक्स यांनी जेफ पेरेन यांच्यासह मध्ययुगीन लढायांचे नियम १९७१ मध्ये प्रसिद्ध केले होते. आर्नेसन आणि गायगॅक्स यांच्या सहकार्यातून १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. एका खोक्यात तीन लहान पुस्तिका, असे त्याचे स्वरूप होते. पहिली आवृत्ती १,००० प्रतींची होती आणि ती टीएसआर या छोट्या कंपनीने काढली होती.

३. पुस्तकातून खेळ, खेळातून पुस्तक

हा खेळ स्वतःच कादंबऱ्यांतून जन्मला होता. १९७९ च्या खेळप्रमुखांसाठीच्या मार्गदर्शक ग्रंथात गायगॅक्स यांनी आपल्यावर प्रभाव टाकणाऱ्या लेखकांची यादी परिशिष्टात दिली. त्यात टॉल्किन, रॉबर्ट हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर, जॅक व्हान्स अशी नावे आहेत. मांत्रिकाने मंत्र पाठ करायचा आणि उच्चारताच तो स्मरणातून पुसला जायचा, हा खेळातला नियम व्हान्स यांच्या कथांमधला. सुरुवातीच्या आवृत्तीत टॉल्किन यांचे 'हॉबिट'ही होते. हक्कधारकांनी आक्षेप घेतल्यावर त्यांच्या जागी 'हाफलिंग' हा शब्द आला. कोणती कल्पना सर्वांची आणि कोणती एकाच्या मालकीची, हा वाद या परंपरेच्या पाळण्यातच सुरू झाला होता, असे म्हणता येईल.

खेळाकडून कादंबरीकडे उलटा प्रवास लवकरच सुरू झाला. ज्येष्ठ लेखिका आंद्रे नॉर्टन १९७६ मध्ये गायगॅक्स यांच्या टेबलावर खेळल्या आणि १९७८ मध्ये त्यांची 'क्वॅग कीप' प्रसिद्ध झाली. डंजन्स अँड ड्रॅगन्सवर आधारलेली पहिली कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो. तिच्यात आपल्या जगातले खेळाडू गायगॅक्स यांच्या 'ग्रेहॉक' या जगात ओढले जातात आणि त्यांच्या मनगटावर फासे जडवलेली कडी असतात. फासे फिरू लागले की काहीतरी घडणार! खेळाची यंत्रणा लपवायची कशी हे अजून कोणाला उमगले नव्हते. नॉर्टन यांनी ती सरळ कथेतच आणून ठेवली.

४. ड्रॅगनलान्स: खेळ आणि कादंबरी एकाच वेळी

ट्रेसी हिकमन १९८२ मध्ये टीएसआरमध्ये नोकरीला लागले. युटाहून विस्कॉन्सिनला मोटारीने जाताना त्यांनी आणि त्यांच्या पत्नी लॉरा यांनी ड्रॅगनप्रधान जगाची कल्पना रचली. कंपनीत तिच्यावर खेळासाठीच्या साहसपुस्तिकांची मालिका आणि सोबत कादंबऱ्या अशी दुहेरी योजना आखली गेली. कादंबऱ्यांचे काम शेवटी संपादक मार्गारेट वाइस आणि हिकमन यांनीच हाती घेतले. पहिली कादंबरी 'ड्रॅगन्स ऑफ ऑटम ट्वायलाइट' १९८४ मध्ये आली, पुढचे दोन भाग १९८५ मध्ये.

या मालिकेतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली पात्राबद्दलची. मालिकेतला सर्वांत गाजलेला मांत्रिक रेस्टलिन खालच्या, घोगऱ्या, कुजबुजत्या आवाजात बोलतो. हा आवाज लेखकांनी लिहिताना शोधलेला नाही. खेळाच्या चाचणी बैठकीत ती भूमिका घेतलेला एक मित्र तशा आवाजात बोलला आणि तिथेच ते पात्र उभे राहिले. नटाने नाटककाराच्या पात्राला आवाज द्यावा, हे आपल्याला परिचित आहे. इथे आवाज आधी आला आणि संहिता नंतर.

दुसरी गोष्ट रचनेबद्दलची. पहिली कादंबरी आधीच तयार असलेल्या साहसपुस्तिकांच्या मागोमाग लिहिली गेली. त्यामुळे कथा तुकड्यातुकड्यांची झाली, असे लेखकांनाच वाटले. खेळात हे तुकडे खटकत नाहीत, कारण दर बैठकीला एक गुहा, एक संकट, एक लढाई पुरेशी असते. वाचकाला मात्र एका संकटातून दुसरे का उद्भवले, हे हवे असते. म्हणून पुढच्या भागांसाठी त्यांनी क्रम उलटा केला. आधी कादंबरी पूर्ण केली आणि संबंधित पुस्तिका नंतर तयार झाल्या. खेळातील घटनाक्रम आणि कादंबरीचे कथानक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या अनुभवाने दाखवून दिले.

५. मिडकेमिया आणि टेकुमेल

रेमंड फाइस्ट यांनी वेगळी वाट निवडली. १९७० च्या दशकात सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातले काही विद्यार्थी आठवड्यातून एका संध्याकाळी जमत आणि खेळत. मिडकेमिया हे जग त्यांनी मिळून उभे केले. फाइस्ट त्यांच्यातले एक. १९८२ मध्ये त्यांची 'मॅजिशियन' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यात त्यांनी टेबलावर घडलेली मोहीम लिहून काढली नाही. त्या जगाच्या इतिहासातला, खेळाच्या काळापेक्षा कित्येक शतके आधीचा प्रसंग निवडला. त्यामुळे नकाशा, शहरे आणि देवदेवता तयार मिळाल्या आणि कथानक मात्र स्वतःचे रचता आले. मिडकेमिया आपल्या मित्रमंडळाची निर्मिती आहे, हे त्यांनी सुरुवातीपासून मोकळेपणाने नोंदवले आहे.

याच कादंबरीत दुसऱ्या जगातून आक्रमण करणारे त्सुरानी लोक आहेत. त्यांचे साम्राज्य आणि 'टेकुमेल' हे दुसरे काल्पनिक जग यांतले साम्य अनेक वाचकांनी दाखवून दिले. ही सामग्री मित्रमंडळाच्या खेळात आधीच मिसळलेली होती आणि तिचे मूळ आपल्याला त्या वेळी ठाऊक नव्हते, असे फाइस्ट यांचे म्हणणे आहे. सामूहिक निर्मितीत असे घडणे सोपे असते. कोणी वाचलेले काहीतरी टेबलावर आणतो, बाकीचे ते आपले मानतात आणि लेखकाच्या हाती येईपर्यंत त्याचा उगम पुसून जातो.

टेकुमेलचा कर्ता आपल्या अभ्यासक्षेत्राच्या जवळचा आहे, म्हणून इथे थोडे थांबू. एम. ए. आर. बार्कर (१९२९–२०१२) हे मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषांचे प्राध्यापक होते. तरुणपणी ते भारतात आले, इथेच त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि पुढे उर्दूची पाठ्यपुस्तके तयार केली. टेकुमेल हे जग ते लहानपणापासून रचत होते. त्यात युरोपीय मध्ययुगाऐवजी भारत, आग्नेय आशिया आणि मध्य अमेरिकेतील प्राचीन संस्कृतींच्या छटा आहेत. शिवाय व्याकरण आणि लिपीसह रचलेली भाषाही आहे. 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' हा त्यावरचा खेळ टीएसआरने १९७५ मध्ये काढला. मग 'द मॅन ऑफ गोल्ड' (१९८४) आणि 'फ्लेमसाँग' (१९८५) या कादंबऱ्या आल्या. अद्भुतरम्य साहित्य युरोपकेंद्री चौकटीबाहेर नेणारा लेखक म्हणून बार्कर यांचा गौरव होत असे.

२०२२ मध्ये टेकुमेलचा वारसा सांभाळणाऱ्या संस्थेने जाहीर केले, की १९९१ मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध झालेली एक नाझीसमर्थक कादंबरी बार्कर यांनीच लिहिली होती. ज्यू वंशसंहार नाकारणाऱ्या एका नियतकालिकाच्या संपादकीय मंडळावरही त्यांचे नाव होते. इथे इतिहासाच्या विद्यार्थ्यापुढे खरा पेच उभा राहतो. परक्या संस्कृतींचा सखोल अभ्यास माणसाला आपोआप उदार बनवत नाही, हा त्यातला एक धडा. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. टेकुमेलच्या टेबलावर दशकानुदशके अनेक खेळाडूंनी भर घातली. कर्तेपण सामूहिक असेल, तर कलंकही सामूहिक मानायचा का? की एका माणसाच्या कृत्यापासून इतरांची निर्मिती वेगळी काढता येते? उत्तर काहीही असो, त्या लेखनाचा उल्लेख टाळून टेकुमेलचा इतिहास यापुढे लिहिता येणार नाही.

६. जपान: 'रिप्ले' नावाचा मधला टप्पा

जपानमध्ये खेळ आणि कादंबरी यांच्यामध्ये आणखी एक साहित्यप्रकार उभा राहिला. हितोशी यासुदा यांच्या ग्रुप एसएनई या मंडळाने १९८६ पासून 'कॉम्पटिक' या संगणकखेळांच्या मासिकात एका मोहिमेचा वृत्तांत क्रमशः छापायला सुरुवात केली. नाटकाच्या संहितेसारखे संवाद, मध्येच फाशांचे निकाल, खेळाडूंच्या थट्टामस्करीसकट. याला 'रिप्ले' म्हणतात. खेळ कसा खेळायचा हे नवख्यांना दाखवणे हा मूळ हेतू होता, पण वाचक कथेतच गुंतले. खेळप्रमुख रिओ मिझुनो यांनी तीच कथा कादंबरीरूपात लिहिली आणि 'रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर'चा पहिला खंड १९८८ मध्ये निघाला. १९९० पासून तिच्यावर ॲनिमेशनपटांची मालिका आली. पुस्तकरूपातल्या रिप्लेंसाठी मंडळाने डंजन्स अँड ड्रॅगन्सऐवजी स्वतःची नियमावली तयार केली.

या कादंबरीची नायिका, लांब कानांची डीडलिट, जपानी अद्भुतकथेतील एल्फ स्त्रीचा नमुना ठरली. टेबलावर ही भूमिका हिरोशी यामामोतो या पुरुष विज्ञानकथालेखकाने वठवली होती. आपल्याकडच्या जुन्या रंगभूमीवरील स्त्रीभूमिका तुम्हाला इथे आठवतील. फरक असा, की रंगभूमीवर नटाचे नाव उरते, कादंबरीत भूमिका करणारा दिसेनासा होतो. लोडॉसच्या बाबतीत तो दिसतो, कारण रिप्ले छापलेला आहे.

७. मलाझन: दोन पुरातत्त्वज्ञांचे जग

कॅनडाचे स्टीव्हन एरिक्सन आणि इयन एसलमॉन्ट हे दोघेही पुरातत्त्वाचे अभ्यासक. १९८० च्या दशकात त्यांनी मिळून मलाझन साम्राज्याचे जग खेळातून घडवले. आधी डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या आणि नंतर गर्प्स या दुसऱ्या पद्धतीच्या नियमांनी ते खेळत. या खेळातल्या कथेवर आधी चित्रपटाची पटकथा लिहिली गेली. तिला कोणी घेतले नाही, तेव्हा एरिक्सन यांनी तिची कादंबरी केली. ती 'गार्डन्स ऑफ द मून' १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांची दहा खंडांची मालिका २०११ मध्ये पूर्ण झाली. एसलमॉन्ट यांनी त्याच जगावर 'नाइट ऑफ नाइव्ह्ज'पासून स्वतंत्र कादंबऱ्या लिहिल्या.

या मालिकेत खेळाची तिन्ही वैशिष्ट्ये लपवलेली नाहीत, उलट त्यांचेच शिल्प केले आहे. एक नायक नाही. शेकडो पात्रे आहेत. महत्त्वाची वाटणारी माणसे अचानक मरतात. वाचकाला घटनांच्या मध्यभागी सोडले जाते आणि भूतकाळ त्याला अवशेषांवरून जुळवावा लागतो. उत्खननात थर उलगडतात तशी ही कथा उलगडते. दोन मित्रांनी एक जग वाटून घेऊन दोन नावांनी लिहिणे, हा कर्तेपणाच्या प्रश्नावरचा सर्वांत साधा तोडगाही इथे सापडतो.

८. कर्ता कोण?

सर्वांना इतका साधा तोडगा सापडला नाही. खेळाच्या श्रेयावरून आणि मानधनावरून आर्नेसन यांनी १९७९ मध्ये गायगॅक्स आणि टीएसआरविरुद्ध दावा लावला. १९८१ मध्ये तो तडजोडीने मिटला आणि आर्नेसन यांचे सहनिर्मातेपण मान्य झाले. ड्रॅगनलान्सचे जग वाइस आणि हिकमन यांच्या कल्पनेतून घडले, तरी मालकी कंपनीची राहिली. टीएसआर १९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टकडे गेली. नव्या कादंबऱ्यांवरून २०२० मध्ये दोघा लेखकांनी या कंपनीवर दावा केला आणि काही आठवड्यांत मागे घेतला. नवी मालिका २०२२ मध्ये सुरू झाली.

सर्वांत विचारपूर्वक मांडणी केली ती जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या मंडळाने. १९८३ मध्ये मार्टिन यांना वाढदिवसाला 'सुपरवर्ल्ड' हा खेळ भेट मिळाला आणि न्यू मेक्सिकोतील लेखकमित्र त्यात इतके रमले, की या वेळखाऊ छंदातून उत्पन्न कसे मिळवावे, असा विचार सुरू झाला. त्यातून १९८७ पासून 'वाइल्ड कार्ड्‌स' ही मालिका निघाली. ती महामानवांची कथा आहे, राजे आणि ड्रॅगन यांची नाही, पण आपल्या मुद्द्यासाठी उपयोगाची आहे. तिथे जग सर्वांचे, पात्र ज्याचे त्याचे. दुसऱ्याच्या पात्राला कथेत आणायचे तर त्याला विचारायचे. टेबलावरचा शिष्टाचार त्यांनी कराराच्या भाषेत उतरवला.

९. साधनांचा प्रश्न

या इतिहासाची साधने कोणती? पात्रांचे तपशील लिहिलेले कागद, हाताने काढलेले नकाशे, खेळप्रमुखाच्या वह्या, आठवणी आणि मुलाखती. आर्नेसन यांनी ब्लॅकमूरची टिपणे १९७७ मध्ये प्रसिद्ध केली, म्हणून त्या टेबलाबद्दल आपल्याला काही सांगता येते. बहुतेक टेबलांबद्दल एवढेही उपलब्ध नाही. जे बोलले गेले ते हवेत विरले आणि कादंबरी उरली. मौखिक परंपरांच्या अभ्यासात येणारी अडचण इथेही आहे: लिखित संहिता ही प्रयोगाची साक्ष असते, प्रयोग नव्हे.

अलीकडे परिस्थिती बदलते आहे. 'क्रिटिकल रोल' या अमेरिकी आवाज-कलाकारांच्या मंडळाने २०१५ पासून आपला खेळ थेट प्रक्षेपित केला. त्यावर २०२२ मध्ये ॲनिमेशन मालिका आली आणि कादंबऱ्याही निघाल्या. आता प्रयोग आणि संहिता शेजारी ठेवून पडताळता येतात. कोणते वाक्य कोणी उच्चारले, कोणता मृत्यू फाशाने घडवला आणि लेखकाने काय गाळले, हे दाखवता येते.

समारोप

या कादंबऱ्या वाचताना मुखपृष्ठावरच्या नावामागे एक टेबल आहे, हे ध्यानात ठेवा. खेळाची गोष्ट छापताना लेखक निवड करतो, दुवे जोडतो, योगायोगाला कारण देतो. हे काम मोठे आहे आणि त्याचे श्रेय त्याचेच. पण घोगरा आवाज, पुलाखालून लटकण्याची कल्पना, एका शहराचा नकाशा यांचे श्रेय इतरांचे असू शकते. ते शोधणे आणि नोंदवणे हे इतिहासकाराचे काम आहे. श्रेय वाटून देताना जबाबदारीही कोणाची, हे विचारावे लागते, हे बार्कर यांच्या उदाहरणावरून आपण पाहिले.

विचारासाठी प्रश्न

१. ड्रॅगनलान्सच्या लेखकांनी दुसऱ्या भागापासून लेखनाचा क्रम का बदलला? त्यावरून खेळ आणि कथानक यांतील फरक स्पष्ट करा.
२. रिप्ले, खेळप्रमुखाची टिपणे आणि थेट प्रक्षेपण या तीन साधनांची विश्वसनीयता तपासून पाहा.
३. टेकुमेलच्या संदर्भात सामूहिक निर्मिती आणि वैयक्तिक जबाबदारी यांवर तुमचे मत सकारण मांडा.
४. तुमच्या भाषेतील एखादा सामूहिक कलाप्रकार घ्या. त्याची छापील संहिता तयार होताना कोणाची नावे राहिली आणि कोणाची गळली, याचा शोध घ्या.